चित्र आहे, आवाज नाही : टीव्हीवर न चालणाऱ्या फायलींचे निदान

लग्न, मुंज, बारसे, आजोबांची पंच्याहत्तरी अशा घरगुती प्रसंगांचे चित्रीकरण आज अनेक घरांत वेगवेगळ्या साधनांवर विखुरलेले आढळते. नव्वदच्या दशकाच्या अखेरचे प्रसंग व्हीसीडीवर, त्यानंतरचे डीव्हीडीवर, पुढचे हँडीकॅमच्या कॅसेटवर किंवा कार्डावर आणि अलीकडचे मोबाइलमध्ये असतात. हे सारे एका पेन ड्राइव्हवर उतरवून टीव्हीला जोडले, की अडचणी सुरू होतात. काही फायली सुरळीत चालतात, काहींचे केवळ चित्र दिसते, काहींचा नुसताच आवाज येतो, तर काही फायली टीव्हीच्या यादीत दिसतच नाहीत. अशा वेळी अनेकदा टीव्हीलाच दोष दिला जातो. त्याहून वाईट म्हणजे हाती लागेल त्या ‘कन्व्हर्टर’ने फाइल बदलून मूळ प्रत पुसून टाकली जाते. पहिल्या चुकीत फार तर पैसे जातात, दुसरीची भरपाई होत नाही. म्हणूनच फाइल बदलण्यापूर्वी ती का चालत नाही, हे जाणून घेणे आवश्यक ठरते.

डबा आणि आतील पदार्थ

फाइलच्या नावाच्या शेवटी येणारी एव्हीआय, एमपीफोर, एमकेव्ही, एमटीएस ही अक्षरे म्हणजे केवळ डब्याचे नाव होय. तांत्रिक भाषेत या डब्याला ‘कंटेनर’ म्हणतात. डब्यात चित्राचा एक प्रवाह, आवाजाचा एक किंवा अधिक प्रवाह आणि कधी उपशीर्षके असतात. चित्र व आवाज ज्या पद्धतीने दाबून लहान केलेले असतात, त्या पद्धतीला ‘कोडेक’ म्हणतात. एकाच नावाच्या डब्यात निरनिराळे कोडेक असू शकतात. म्हणूनच एक एमपीफोर फाइल चालते आणि तिच्या शेजारची दुसरी एमपीफोर फाइल चालत नाही.

एव्हीआय हा डबा मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणला. २००० नंतरच्या काळात त्यात प्रामुख्याने डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड पद्धतीचे चित्र आणि एमपीथ्री आवाज असे. एमकेव्ही, अर्थात मात्रोश्का, हा प्रकल्प २००२ मध्ये सुरू झाला. एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून त्याला हे नाव मिळाले. चित्राच्या बाबतीत व्हीसीडीसाठी एमपेग-१, डीव्हीडीसाठी एमपेग-२, २००३ मध्ये प्रमाणित झालेले एच.२६४, २०१३ मधील एच.२६५ अर्थात एचईव्हीसी आणि २०१८ मधील एव्ही१ अशी ही परंपरा आहे. नवी पद्धत सामान्यतः तेवढ्याच दर्जाचे चित्र कमी जागेत बसवते. मात्र, ते उलगडण्यासाठी अधिक गणिती काम करावे लागते.

टीव्ही कोठे अडतो?

संगणकावर चालणारी फाइल टीव्हीवर का चालत नाही, हा नेहमीचा प्रश्न आहे. संगणकावरील व्हीएलसीसारखा प्लेअर बहुतेक कोडेक सॉफ्टवेअरच्या साह्याने उलगडतो आणि नवी आवृत्ती घेतली, की नवे कोडेकही त्याला कळू लागतात. टीव्ही किंवा मीडिया प्लेअरमध्ये हे काम एका ठरावीक चिपकडे असते. चिप बनवताना तिला जे शिकवले गेले, तेवढेच ती करते. एच.२६५ न जाणणाऱ्या चिपला ते पुढे सहसा शिकवता येत नाही.

दुसरे कारण व्यावहारिक आहे. अनेक कोडेकसाठी उत्पादकाला परवाना शुल्क द्यावे लागते. त्यामुळे एखादा प्रकार वगळण्याचा निर्णय कंपनी घेऊ शकते. डीटीएस या आवाजाच्या प्रकाराबाबत २०१८ नंतर असे घडले. पूर्वीच्या टीव्हीवर ऐकू येणारा हा आवाज काही नव्या टीव्हींवर बंद झाला. जुन्या डिव्हएक्स फायलींनाही काही नव्या टीव्हींमध्ये थारा उरलेला नाही. नवा टीव्ही जुन्यापेक्षा सर्वच फायली अधिक चांगल्या चालवील, हा समज म्हणूनच खरा नाही.

लक्षणांवरून निदान

फाइल यादीत दिसत नाही : डब्याचे नावच टीव्हीला ओळखीचे नसते किंवा पेन ड्राइव्हची मांडणी, अर्थात ‘फाइल सिस्टिम’, त्याला वाचता येत नाही. पेन ड्राइव्हवरील एकही फाइल दिसत नसेल, तर दोष मांडणीचा आहे, असे समजावे. फॅट३२ ही मांडणी जवळजवळ सर्व टीव्ही वाचतात, पण तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल ठेवता येत नाही. मोठ्या फायलींसाठी एक्सफॅट किंवा एनटीएफएस लागते. त्यांपैकी कोणती चालेल, हे टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. मांडणी बदलताना ड्राइव्हवरील सर्व माहिती पुसली जाते, याचे भान ठेवावे.

हार्ड डिस्क लागते आणि बंद पडते : येथे प्रश्न विजेचा असण्याची शक्यता अधिक. यूएसबी २.० जोडणीतून प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर, तर ३.० मधून ९०० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कला सुरू होताना याहून अधिक लागू शकतो. डिस्क टीव्हीच्या यूएसबी ३.० जोडणीला लावून पाहावी किंवा स्वतंत्र वीजपुरवठा असलेला यूएसबी हब वापरावा.

चित्र आहे, आवाज नाही : चित्राचा कोडेक जुळला, आवाजाचा जुळला नाही. चित्रपटांच्या फायलींत हा बहुधा डीटीएस असतो. जुन्या मोबाइलमधील थ्रीजीपी फायलींत एएमआर असतो. संभाषणासाठी तयार झालेला हा प्रकार अनेक टीव्हींना कळत नाही. फाइलमध्ये आवाजाचे एकाहून अधिक प्रवाह असतील, तर आधी रिमोटवरून दुसरा प्रवाह निवडून पाहावा.

आवाज आहे, चित्र नाही : येथे चित्राचा कोडेक अपरिचित असतो. एच.२६५ न जाणणारा टीव्ही आणि नवा मोबाइल ही यातील नेहमीची जोडी. आयफोन ७ व त्यानंतरच्या फोनवर २०१७ च्या आयओएस ११ पासून एचईव्हीसीत चित्रीकरण होऊ लागले. दहा बिटचे एच.२६४ हाही एक छुपा अडथळा आहे. नाव एच.२६४ असले, तरी बहुतेक चिप केवळ आठ बिटचे चित्र उलगडतात.

चित्र अडखळते : फाइलचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला वाचावी लागणारी माहिती, पेन ड्राइव्हच्या किंवा वाय-फायच्या वेगापेक्षा जास्त असतो. वाय-फायवरून अडखळणारी फाइल यूएसबीवरून नीट चालली, तर दोष जोडणीचा आहे, फाइलचा नाही.

रंग फिके दिसतात : एचडीआर पद्धतीने केलेले चित्रीकरण साध्या टीव्हीवर धुरकट भासते. मोबाइलच्या सेटिंगमध्ये एचडीआर बंद करून पुढील चित्रीकरण करता येते.

उपशीर्षकांऐवजी चौकोन : मराठी उपशीर्षकांची एसआरटी फाइल यूटीएफ-८ या प्रकारात साठवलेली असावी आणि तिचे नाव चित्रफितीच्या नावाशी तंतोतंत जुळावे. तरीही चौकोन दिसल्यास टीव्हीत देवनागरी अक्षरवळणच नाही, असे समजावे.

फाइल कोठेच उघडत नाही : चित्रीकरण चालू असताना बॅटरी संपली, तर एमपीफोर फाइलची अनुक्रमणिका लिहायची राहून जाते, कारण ती सहसा शेवटी लिहिली जाते. आत चित्र असते, पण ते कोठे आहे, हे प्लेअरला कळत नाही. अशी फाइल टाकून देऊ नये. त्याच मोबाइलने काढलेली एखादी धडधाकट फाइल नमुना म्हणून वापरून ती दुरुस्त करणारी मोफत साधने उपलब्ध आहेत.

तपासणी आणि उपाय

निदानाची खात्री करण्यासाठी मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उपयोगी पडते. फाइल त्यात उघडली, की डबा, चित्राचा कोडेक, बिट, बिटरेट आणि आवाजाचा प्रकार एका दृष्टिक्षेपात दिसतो. व्हीएलसीमध्येही ‘टूल्स’ या मेनूत ‘कोडेक इन्फर्मेशन’ हा पर्याय आहे. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या फाइलची माहिती शेजारी ठेवून पाहिली, तर फरक बहुधा लगेच सापडतो.

उपाय करताना सर्वांत कमी हस्तक्षेपाचा मार्ग प्रथम घ्यावा. टीव्हीवर अँड्रॉइड टीव्ही किंवा तत्सम प्रणाली असेल, तर त्यावर व्हीएलसी घेऊन फाइल उघडून पाहावी. टीव्हीचा मूळ प्लेअर नाकारतो ते अनेक प्रकार त्यात चालतात, आणि फाइलला हातही लावावा लागत नाही.

दुसरा मार्ग डबा बदलण्याचा. एमकेव्हीमध्ये एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असेल, तर तेच प्रवाह जसेच्या तसे एमपीफोरमध्ये ठेवता येतात. अ‍ॅव्हीडीमक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चित्र व आवाज दोन्हींसाठी ‘कॉपी’ निवडून ‘एमपीफोर मक्सर’ हा प्रकार घ्यावा. काम फार तर काही मिनिटांत होते आणि दर्जा तिळमात्र घटत नाही. अडचण केवळ आवाजाची असेल, तर चित्रासाठी ‘कॉपी’ तशीच ठेवून आवाज तेवढा एएसीत बदलावा.

चित्राचे रूपांतर हा शेवटचा मार्ग होय. यात चित्र उलगडून पुन्हा दाबले जाते आणि दर वेळी काही तपशील कायमचा जातो. त्यासाठी हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर वापरता येते. एमपीफोर डबा, आठ बिटचे एच.२६४ चित्र आणि एएसी स्टिरिओ आवाज हा मेळ बहुतेक टीव्हींवर चालतो. हँडब्रेकमधील ‘आरएफ’ हा आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. जुन्या, कमी रेषांच्या चित्रीकरणासाठी तो १८ ते २२ दरम्यान ठेवावा. रूपांतरित प्रत टीव्हीसाठी, मूळ फाइल जपणुकीसाठी, हा नियम मोडू नये. घरगुती चित्रण अनोळखी संकेतस्थळावर चढवून रूपांतर करून घेणेही टाळलेलेच बरे.

फाइलच्या नावातील शेवटची अक्षरे बदलली, की प्रकार बदलतो, असा एक समज आहे. डब्यावरील चिठ्ठी बदलल्याने आतील पदार्थ बदलत नाही. याला एक सोयीचा अपवाद व्हीसीडीचा.

जुन्या तबकड्यांचा प्रश्न

व्हीसीडीतील ‘डॅट’ फायलींच्या पोटात एमपेग-१ हेच साधे चित्र असते. अशा फाइलची प्रत घेऊन तिच्या नावाच्या शेवटी ‘एमपीजी’ लिहिले, तर अनेक प्लेअर ती स्वीकारतात. मात्र, येथे खरी निकड आहे ती फाइल तबकडीवरून उतरवून घेण्याची. व्हीसीडीवर अधिक चित्र मावावे, म्हणून माहितीच्या सीडीवर असणारी चूक-दुरुस्तीची एक पातळी चित्राच्या भागातून वगळलेली असते. त्यामुळे ओरखडा पडला, की वाचन लवकर अडते. शिवाय घरी किंवा स्टुडिओत ‘राइट’ केलेल्या तबकडीवरील रंगद्रव्य काळाच्या ओघात खराब होते. एका ड्राइव्हमध्ये न वाचली जाणारी तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये वाचली जाऊ शकते, म्हणून एका प्रयत्नात ती टाकून देऊ नये.

डीव्हीडीवरील व्हीओबी फायली साधारण १ जीबीच्या तुकड्यांत असतात. एकेक तुकडा उचलण्याऐवजी संपूर्ण फोल्डर उतरवावे. मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने चित्र न बदलता ते एका एमकेव्ही फाइलमध्ये घेता येते. मिनीडीव्ही कॅसेटवरून उतरवलेल्या एव्हीआय फायली तासाला सुमारे १३ जीबी जागा घेतात आणि टीव्ही त्या सहसा चालवत नाही. त्यांची टीव्हीसाठी वेगळी प्रत करणे भाग असते.

रूपांतर करताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रचौकटी असतात. त्या ३० करू नयेत, हालचाल झटक्याझटक्याने होते. डीव्हीडी व कॅसेटवरील चित्र एकाआड एक रेषांचे असल्याने हालचालीत कंगव्यासारखे दाते दिसतात. त्यासाठी ‘डीइंटरलेस’ हा पर्याय वापरावा. तसेच ७२० बाय ५७६ बिंदूंच्या चित्राचे मूळ ४:३ हे प्रमाण कायम ठेवावे, अन्यथा रुंद पडद्यावर माणसे ताणलेली दिसतात. व्हीसीडीचे चित्र मुळातच ३५२ बाय २८८ बिंदूंचे असते. ते फुल एचडीत बदलल्याने नवा तपशील येत नाही, केवळ फाइल फुगते.

पुढील चित्रीकरणासाठी

आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील ‘फॉरमॅट्स’ येथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले, तर सर्वसाधारण चित्रीकरण एच.२६४ मध्ये होते. अनेक अँड्रॉइड फोनमध्येही एचईव्हीसी बंद करण्याची सोय असते. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल आणखी दाबली जाते. मूळ दर्जा हवा असेल, तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

मूळ फायलींच्या किमान तीन प्रती असाव्यात. त्यांपैकी दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि एक घराबाहेर, नातेवाइकांकडे किंवा क्लाउडवर ठेवावी. प्रत्येक फोल्डरमध्ये प्रसंग, वर्ष आणि चित्रात दिसणाऱ्या माणसांची नावे लिहिलेली साधी टेक्स्ट फाइल ठेवणेही तितकेच गरजेचे आहे. कोडेक बदलत राहतील आणि त्यांवर उपायही निघतील. मांडवातल्या त्या वृद्ध बाई कोण, हे मात्र कोणतेही सॉफ्टवेअर सांगू शकणार नाही. ही नावे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना टीव्हीसमोर बसवून ती आताच लिहून घ्यावीत.