तळटीप : क्रेसिंग टेंपल

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील शेतवाडी. राजा स्टीफनची राणी मटिल्डा हिने ११३७ मध्ये ही जमीन टेंपलर संघाला दान दिली. लढवय्यांचा संघ म्हणून वाचकाने येथे बुरूज-तटबंदी कल्पू नये. इथले काम पिकवायचे आणि विकायचे. पॅलेस्टाइनमधल्या मोहिमांचा खर्च अशाच वाड्यांच्या उत्पन्नावर चाले. टेंपलरांच्या काळातली दोन लाकडी कोठारे आजही उभी आहेत. जवाचे कोठार तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातले, गव्हाचे त्याच शतकाच्या उत्तरार्धातले. ओकचे प्रचंड खांब, तुळया आणि तिरकस आधार खाचेत कूस बसवून सांधलेले आहेत, आणि सुतारांनी जुळणीसाठी केलेल्या खुणा काही लाकडांवर अजून दिसतात. धान्याची गाडी मोठ्या दारातून थेट आत यावी आणि मळणीही छपराखालीच व्हावी, अशी ही रचना. 

१३१२ मध्ये पोप पाचव्या क्लेमेंटने संघ बरखास्त केला व वाडी हॉस्पिटलर या दुसऱ्या लढवय्या संघाकडे गेली. १३८१ च्या शेतकरी बंडात ती लुटली गेली. हॉस्पिटलरांचा इंग्लंडमधला प्रमुख रॉबर्ट हेल्स हाच राजाचा खजिनदार होता आणि बंडाला निमित्त झालेल्या डोईपट्टीचा सारा राग त्याच्यावर होता. त्याच जूनमध्ये बंडखोरांनी लंडनला त्याचे मुंडके उडवले. कोठारे मात्र वाचली. १९८७ पासून ती एसेक्स परगणा परिषदेच्या मालकीची आहेत. (संपा.)