फाळ पाण्याखाली गेला

फाळाचा कोन नीट बसला की नांगर जमिनीत शिरायला वजन लागत नाही. बैलांची ओढच त्याला खाली नेते. रनाळ्यासारख्या शेतीच्या गावात हे कुणाला सांगावे लागत नाही. जहाजाच्या नांगराला मात्र इथवर यायला शतके लागली.

त्याची कुळी सुरू होते भोक पाडलेल्या धोंड्यापासून. धोंडा निव्वळ वजनावर जहाज धरतो आणि वारा वाढला की तळावरून फरफटत जातो. मग अरबी समुद्रातल्या गलबतांनी दगडाला दात दिले. लांब, चौकोनी, वर निमुळता होणारा दगडी खांब. वरच्या भोकात दोर, खालच्या दोन चौकोनी भोकांत एकमेकांना काटकोनात लाकडी दांडे. दांडा चिखलात रुतायचा, दगड त्याला दाबून धरायचा. नुसत्या वजनाला पकडीची जोड मिळाली, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी उडी वाटते.

पण जे रुतते ते अडकतेही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना द्वारकेच्या खडकाळ तळावर शंभराहून अधिक दगडी नांगर सापडले. सिंधुदुर्गाच्या परिसरातही मिळाले. कपारीत अडकलेला नांगर निघाला नाही की खलाशांना दोर कापून निघावे लागे.

दुसरी आपत्ती रात्रीची. रनाळ्याच्या उत्तरेने वाहणारी तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्या गाळामुळे मोठी जहाजे शहरापर्यंत न जाता बाहेर सुवालीच्या किनाऱ्याजवळ नांगरून राहत. त्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी कित्येक मीटर चढते. पाणी चढले आणि दोर तेवढाच राहिला, तर आडवी ओढ उभी होत जाते, दात उपटतात आणि माणसे झोपेत असताना जहाज सरकू लागते. म्हणून खोलीच्या पाच ते सातपट दोर सोडायचा आणि खोली मोजायची ती पूर्ण भरतीची. काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवायच्या. त्या फाकू लागल्या तर नांगर घसरला.

1933 साली केंब्रिजचे शास्त्रज्ञ जेफ्री इन्ग्रॅम टेलर यांनी नव्या नांगराचे पेटंट घेतले. ते स्वतः शिडाच्या बोटीने लांबवर जात. 1927 साली नॉर्वेच्या लोफोटेन बेटांपर्यंत जाऊन आले होते. लहान बोटीवर जड नांगर उचलणे जिकिरीचे, म्हणून त्यांनी शेतातल्या नांगराचा फाळ घेतला, त्याला दोन्ही बाजूंनी पाती दिली आणि दांडा बिजागरीने जोडला. वारा फिरून बोट वळली तर दांडा वळतो, फाळ सहसा रुतलेलाच राहतो. वजन कमी, पकड जास्त. आजही बोटीवर घर करून राहणारे अनेक जण हा नांगर वापरतात.

खडकात अडकण्याची भीती मात्र फाळालाही आहेच. त्यावरचा उपाय साधा: तळ खडकाळ असेल तर नांगर टाकण्याआधीच फाळाच्या पाठीला दुसरा बारीक दोर बांधायचा आणि त्याचे टोक तरंगत्या बोयाला लावायचे. मुख्य दोराने निघेना, तर हा दोर धरून उलट बाजूने ओढायचा.