निवड कोणाची? डायलिसिसच्या इतिहासातील एक प्रश्न

माझ्या थोरल्या मामांचे डायलिसिस सुरू झाले ते रात्री अकरा वाजता. धाप लागली म्हणून त्यांना तालुक्याहून शहरातल्या एका रुग्णालयात आणले. मानेत नळी घालावी लागेल असे सांगण्यात आले आणि संमतिपत्रावर मी सही केली. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस पहाटेची एसटी, चार तास यंत्राशेजारी आणि संध्याकाळी परत. दीड वर्षाने शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाकडून त्यांना कळले, की घरच्या घरी, पोटातून करायचेही डायलिसिस असते. मामा एवढेच म्हणाले, "अगं, मला कुणी विचारलंच नाही." विचारायला हवे होते ते मीही विचारले नव्हते. या उपचाराचा इतिहास मी वाचायला घेतला तो त्या वाक्यामुळे.

सुरुवातीला निवडीचा प्रश्नच नव्हता. 1943 साली जर्मनांच्या ताब्यातील नेदरलंड्समध्ये, काम्पेन गावी, डॉ. विलेम कोल्फ यांनी सॉसेजसाठी वापरायची सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून रक्त गाळणारे यंत्र तयार केले. पहिले बहुतेक रुग्ण दगावले. 1945 मध्ये 67 वर्षांची एक स्त्री वाचली. पण दर खेपेला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. त्यामुळे मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्यांना या यंत्राचा उपयोग नव्हता.

ही अडचण अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी 1960 मध्ये सोडवली. हातात कायम राहील अशी टेफ्लॉनची नळी त्यांनी वापरली. त्यांचा पहिला रुग्ण, क्लाइड शील्ड्स नावाचा यंत्रकामगार, त्यानंतर अकरा वर्षे जगला. मरण लांबवता येते हे सिद्ध झाले आणि नवा पेच उभा राहिला. यंत्रे मूठभर, रुग्ण अनेक. सिएटलच्या केंद्राने सात जणांची समिती नेमली. तिच्यात वकील, धर्मोपदेशक, बँकर, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी आणि शल्यचिकित्सक होते. वय, मिळकत, पदरी मुले किती, समाजात वावर कसा, असे पाहून ते नावे ठरवत. नोव्हेंबर 1962 मध्ये शाना अलेक्झांडर यांनी 'लाइफ' साप्ताहिकात यावर लिहिले, तेव्हा अमेरिका हादरली.

समितीला वळसा मिळाला तो एका शाळकरी मुलीमुळे. वयात बसत नाही म्हणून तिला नकार मिळाला होता. अभियंता अल्बर्ट बॅब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही महिन्यांत घरी ठेवता येईल असे यंत्र बनवले आणि 1964 मध्ये तिचे डायलिसिस घरी होऊ लागले. यंत्राइतकेच महत्त्वाचे होते शिकवणे. घरी उपचार करायचा तर नळ्या जोडणे, रक्तदाब पाहणे, धोका ओळखणे हे रुग्णाला आणि घरच्यांना यायलाच हवे. रुग्णशिक्षण ही तेव्हा सौजन्याची बाब नव्हती, त्याशिवाय उपचारच चालला नसता.

1972 च्या कायद्याने अमेरिकी सरकारने खर्चाची जबाबदारी घेतली आणि समित्यांची गरज संपली. मात्र एक अनपेक्षित गोष्ट घडली. तोवर तेथील सुमारे 40 टक्के रुग्ण घरी डायलिसिस करत होते. पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण झपाट्याने घसरले. वयस्क, अधिक आजारी रुग्ण येऊ लागले हे एक कारण, केंद्रांची संख्या वाढली हे दुसरे. पैशाची अट सुटली, पण घरी शिकवण्याची निकड उरली नाही.

पोटाच्या डायलिसिसचा आजचा प्रकारही एका रुग्णाच्या नकारातून आला. टेक्सासमधील ऑस्टिन येथे एका रुग्णाच्या रक्तवाहिन्या यंत्रासाठी निरुपयोगी ठरल्या होत्या. डॅलसला राहायला जा, असे त्याला सुचवण्यात आले. तो तयार होईना. तेव्हा डॉ. जॅक मॉनक्रीफ आणि अभियंता रॉबर्ट पोपोविच यांनी हिशेब मांडला, की सुमारे दोन लिटर द्राव पोटात काही तास ठेवून दिवसातून चार-पाच वेळा बदलला, तर यंत्र लागणारच नाही. 1976 मध्ये त्यांनी हे मांडले. पुढे टोरांटोच्या डॉ. दिमित्रिओस ओरिओपुलोस यांनी काचेच्या बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या आणि पद्धत सुटसुटीत झाली.

आपल्याकडे हा शब्द घरोघर पोचला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीतील कैदेत त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. सुटकेनंतर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर डायलिसिस सुरू झाले आणि लोकवर्गणीतून त्यांच्यासाठी यंत्र घेण्यात आले. त्या काळी देशात हा उपचार फार थोड्यांच्या आवाक्यात होता. 2016 मध्ये केंद्र सरकारची राष्ट्रीय डायलिसिस योजना आली आणि जिल्हा रुग्णालयांत यंत्रे दिसू लागली. पोटाच्या डायलिसिसची मार्गदर्शक तत्त्वे तिच्यात 2019 मध्ये आली.

एक पद्धत चांगली आणि दुसरी वाईट, असे मला म्हणायचे नाही. पोटाच्या डायलिसिसला रोजची शिस्त, स्वच्छ जागा आणि द्रावाचे खोके ठेवायला कोपरा लागतो, पोटात जंतुसंसर्गाचे भय असते. रक्ताच्या डायलिसिससाठी हातात फिस्च्युला करतात, तो पक्व व्हायला काही आठवडे, कधी महिने लागतात. म्हणूनच दोन्हींची माहिती आधी हवी, क्रिएटिनिन हळूहळू चढत असते तेव्हा. रात्री अकराला मानेत नळी घालताना ती देऊन उपयोग नसतो.

मामांनी अखेर दोन्ही पद्धती डॉक्टरांकडून नीट समजून घेतल्या. घर गळके, मामींचे हात कापतात, म्हणून ते यंत्रावरच राहिले. फिस्च्युलाची शस्त्रक्रिया मात्र त्यांनी आपणहून ठरवली, आणि या वेळी संमतिपत्रावर सही त्यांचीच होती.