जागचे न हलणारे तुकडे

२००३ सालचा मे महिना. भालकीला मावशीकडे गेलो होतो. भालकी म्हणजे बिदर जिल्ह्यातला तालुका. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, निवृत्त शिक्षक. मुलाने त्यांना एक जुना संगणक आणून दिला होता. विंडोज ९८, चार जीबीची हार्ड डिस्क. त्यावर काका आठवणी लिहीत होते. निजामाच्या राजवटीतली उर्दू शाळा, १९४८ ची पोलीस कारवाई आणि १९५६ सालची जिल्ह्याची वाटणी. शंभरेक पाने झाली होती.

पण यंत्र फार मंदावले होते. एक पान उघडायला चहा संपेपर्यंत वेळ. मी तेव्हा नोकरीला नुकताच लागलेलो आणि एक संगणक कोर्स केलेला, त्यामुळे घरात माझा भाव वधारला. मी म्हटले, "डीफ्रॅग करूया."

काकांना ते समजावताना कचेरी कामी आली. समजा, पन्नास पानांची एक फाइल आहे. एका कपाटात तेवढी जागा नाही. मग दहा पाने या कपाटात, पाच त्या कपाटात, उरलेली माळ्यावर. कुठले पान कुठे, याची नोंद एका वहीत. डिस्कवरही असेच होते. १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये तयार झालेली 'फॅट' पद्धत म्हणजे ही नोंदवहीच. प्रत्येक तुकड्यापुढे 'पुढचा तुकडा अमुक ठिकाणी' एवढेच लिहिलेले. फाइली पुसून, वाढवून तुकडे जितके विखुरतात, तितकी वाचणाऱ्या काट्याची धावपळ वाढते. डीफ्रॅग म्हणजे एका फाइलीची पाने ओळीने एका कपाटात लावणे. १९९३ च्या एमएस-डॉस ६ बरोबर हा प्रोग्रॅम मिळू लागला आणि पडद्यावर चौकोन सरकताना दिसू लागले.

सुरू केले. दहा टक्क्यांपर्यंत गेले आणि संदेश आला, डिस्कवरचा मजकूर बदलला, पुन्हा सुरुवात करत आहे. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"लेकरा, हे पुन्हा पुन्हा पहिल्यापासून का मोजायलंय?" काकांनी विचारले.

कारण साधे असते. आपण कपाट लावत असताना दुसरा कुणी त्यात कागद ठेवत असेल, तर मोजणी पुन्हा करावी लागते. पडद्यामागे अँटिव्हायरस चालू होता, थोड्या वेळाने स्क्रीनसेव्हर जागा व्हायचा. त्यात डिस्क काठोकाठ भरलेली. पाने हलवायला आधी रिकामे टेबल लागते, तेच नव्हते. शिवाय वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि नेमके पान हलवताना गेली तर पान हरवायचे.

म्हणून आधी काकांचे लिखाण दोन-दोन फ्लॉपींवर उतरवले. हे सगळ्यांत आधी करावे, हे मी त्या दिवशी शिकलो. एका लग्नाची चित्रफीत पुसली (मावशीच्या परवानगीने!). मग स्कॅनडिस्क चालवले. त्यात 'क्रॉस-लिंक' अशी एक चूक सापडली. म्हणजे डिस्कवरच्या एकाच तुकड्यावर दोन फाइली हक्क सांगत होत्या. ती दुरुस्त केली, संगणक सेफ मोडमध्ये चालू केला आणि रात्री दहाला डीफ्रॅग पुन्हा लावले. या वेळी दहा टक्के ओलांडले.

चौकोन सरकताना बघत काका बराच वेळ बसले होते. मग म्हणाले, "आमचंही असंच केलं होतं की."

ते १ नोव्हेंबर १९५६ बद्दल बोलत होते. हैदराबाद राज्यात मराठी, कन्नड, तेलुगू जिल्हे एकत्र होते. ते भाषेप्रमाणे लावायचे ठरले. राज्य पुनर्रचना आयोगाने बिदर जिल्हा हैदराबादकडेच ठेवण्याची शिफारस केली होती. कायदा झाला तेव्हा त्याचे तीन वाटे पडले. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले. नारायणखेड आणि जहीराबाद तालुके आंध्रात, पण जहीराबादमधले निर्णा मंडळ वगळून. उलट बिदर तालुक्यातले न्याळकल मंडळ मात्र आंध्रात. बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात. शेजारच्या गुलबर्ग्याचे, आजच्या कलबुर्गीचे, कोडंगल आणि तांडूर हे तालुकेही असेच आंध्रात गेले. कारकुनाच्या नजरेने तो कायदा वाचला की धडकी भरते. एकेका मंडळासाठी 'वगळून' आणि 'सह'. त्या एकेका शब्दामागे किती दप्तरे बांधली गेली असतील!

काकांची थोरली बहीण उदगीरला दिलेली. लग्न झाले तेव्हा जिल्हा एकच. "आक्का जागची हलली नाही," काका म्हणाले, "अन् एका रात्रीत परराज्यात गेली."

पडद्यावर काही चौकोनांच्या कोपऱ्यात लाल खूण होती. हा मजकूर हलवला जाणार नाही, असा तिचा अर्थ. भालकी, औराद, आळंद या भागांतले मराठी घर म्हणजे तसा चौकोन. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ मध्ये वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावांवरचा हक्क पुन्हा ठरावात मांडला. १९६७ च्या जानेवारीत जनमत कौलाला सामोरे गेलेल्या आम्हा गोवेकरांना अशा प्रश्नाचे वजन निराळे सांगायला नको.

या मुलखाला विस्कटणे नवे नाही. बिदरच्या महमूद गावानने १४७२ मध्ये आपला गोवा जिंकला. त्याच साली उभा राहिलेला त्याचा मदरसा आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिला. तिथल्या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती असे सांगतात. १४८१ मध्ये गावानचा शिरच्छेद झाला, पुढे बहमनी राज्याची पाच शकले झाली. १६९६ मध्ये दारूच्या स्फोटात मदरशाचा एक भाग उडाला. आज एकच मिनार उभा आहे. ती हस्तलिखिते काही कुठल्या प्रोग्रॅमने परत ओळीत येणार नाहीत.

मला मात्र ती क्रॉस-लिंकची चूक जास्त आठवते. यंत्राला एका तुकड्यावर दोन फाइलींचा हक्क चालत नाही. माणसांचे तसे नाही. याच जिल्ह्यात बसवेश्वरांचे कल्याण आहे आणि हुमनाबादजवळ माणिकनगरही. माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठीतही पदे रचली आणि कन्नडमध्येही. ती कुठल्या कपाटात लावणार? काकांच्या घरात बोली मराठी, बाजारात कन्नड, जमिनीचे जुने कागद उर्दू. ते कधी यातले एकही 'दुरुस्त करा' म्हणाले नाहीत. तक्रार होती ती एकच, मुलांना आपली भाषा शाळेत शिकायला मिळावी.

पहाटे डीफ्रॅग पूर्ण झाले. काकांची फाइल झटकन उघडली. आता घरोघरी एसएसडी आल्या आहेत. त्यांत फिरणारी तबकडी नाही, काट्याची धावपळ नाही, त्यामुळे तुकडे विखुरलेले असले तरी फारसे बिघडत नाही. उलट डीफ्रॅगने त्यांची झीजच होते, म्हणून २००९ च्या विंडोज ७ पासून यंत्र त्यांना आपणहून वगळते.

निघताना काका स्टेशनपर्यंत आले होते. विकाराबाद ते लातूर रोड हा तो लोहमार्ग. जहीराबाद, बिदर, भालकी, उदगीर ही सगळी स्टेशने त्यावर ओळीने आहेत. जुन्या जिल्ह्याचे तिन्ही वाटे. गाडी आली तेव्हा काकांनी एक पिशवी माझ्या हातात दिली. आक्कासाठी. उदगीरला उतरून ती पोचवली आणि मग पुढची गाडी धरली.