पाढ्यामागचे माप

जुन्या शिक्षणाचा विषय निघाला की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांची आठवण निघतेच, आणि तिच्या मागोमाग एक ठरलेला निष्कर्ष येतो: पूर्वी मुलांचे अपूर्णांक पक्के असत, कारण पाढे पाठ असत, पाठांतर सुटले आणि अपूर्णांकही सुटले. यात कार्यकारणाची उलटापालट झाली आहे, असे माझे मत आहे. अपूर्णांकांची जाण पाढ्यांतून आली नाही, ती व्यवहारातल्या नाण्यांतून आणि मापांतून आली. दोन अपूर्णांकांत मोठा कोणता हे ठरवण्याची सोय त्या मापांच्या घडणीतच होती. पाढ्यांनी त्या सोयीला वेग दिला, इतकेच.

मापांची घडण पाहावी. रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. सोनाराच्या तोळ्याचे १२ मासे आणि माशाच्या ८ गुंजा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. सुताराच्या गजाचे २४ तसू. १९२, ९६ आणि २४ या तिन्ही संख्यांना अर्ध्यावर अर्धे करत आठव्या भागापर्यंत नेता येते आणि तिघींचा तिसरा भागही पूर्ण संख्येत निघतो. आता पाच अष्टमांश मोठा की दोन तृतीयांश, हा आजच्या मुलांना चकवणारा प्रश्न घ्या. पाच आणि आठ हे आकडे मोठे दिसतात, म्हणून पुष्कळ मुले पहिल्याला मोठे म्हणतात. रुपयात तेच दहा आणे आणि दहा आणे आठ पै होतात, गजात पंधरा तसू आणि सोळा तसू, तोळ्यात साठ गुंजा आणि चौसष्ट गुंजा. छेद समान करण्याचे काम मापाने आधीच करून ठेवलेले होते. हिशेब करणाऱ्याला फक्त दोन पूर्ण संख्यांची तुलना करायची होती. धान्याच्या मापांत आणि वाण्याच्या वजनांत तर अर्ध्याचे अर्धे हाच नियम होता: पायलीचे चार शेर, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी, तिकडे शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. छटाक नवटाकाहून लहान, हे कुणाला पाठ करावे लागत नव्हते.

दुसरा पुरावा हिशेबाच्या वह्यांचा. मोडी आणि बाळबोध लिखाणात रुपयाच्या आकड्यापुढे उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. त्यापुढे आडव्या किंवा तिरप्या रेघा आण्यांच्या: एक, दोन किंवा तीन. चौथा आणा झाला की त्याची उभी रेघ होई. अकरा आणे आणि बारा आणे शेजारी लिहिले तर आधी उभ्या रेघा पाहायच्या, त्या सारख्या असतील तरच आडव्या. मोठे घर आधी, लहान घर नंतर, हा क्रम आपण आज दशांश चिन्हानंतरच्या अंकांना लावतो. फरक एवढाच की इथे प्रत्येक घर दहाऐवजी चारांचे आहे. तुलनेची रीत लिपीतच रुजलेली असताना केवळ पाठांतराला श्रेय देणे हा त्या लिपीवर अन्याय आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पंतोजींच्या शाळेत किती जणांना प्रवेश होता? मुली, शेतकरी, शूद्रातिशूद्र यांच्यातील बहुतेकांना नव्हता. बाजारात पावशेर मोजून घेणाऱ्याला माप कळत असे, पण वहीतल्या रेघा वाचता येत नसत, आणि सावकाराची सत्ता नेमकी त्या वहीत होती. म्हणूनच १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळांसाठी मोडी व बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबाची मागणी केली. या आक्षेपाने माझे म्हणणे खोडले जात नाही, उलट नेमके होते. मापाची जाण सर्वत्र पसरलेली होती, तिला लेखी रूप देणारी विद्या मात्र मूठभरांच्या ताब्यात होती. त्या काळाचा गौरव करताना या दोन गोष्टी एकत्र करू नयेत.

मग बदलले काय? १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले, आणि १९५६ च्या कायद्यानुसार १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम-मीटर आले. आण्याचे सव्वासहा नवे पैसे, दोन आण्यांचे साडेबारा. पूर्ण संख्या फक्त चार आण्यांच्या पटीत मिळू लागली. रुपयाचा पाचवा भाग आता नेमका वीस पैसे झाला, पण तिसरा भाग निसटला आणि आठव्याला अर्ध्या पैशाची कमतरता पडली. दशमान पद्धतीने बेरीज-वजाबाकी सोपी केली, देशभर एकच माप आणले आणि प्रांतागणिक बदलणाऱ्या शेरांतून होणारी फसवणूक रोखली. तो निर्णय योग्यच होता. पण त्याने अपूर्णांक मोजण्याचा रोजचा आधार काढून घेतला, आणि आधार गेल्यावर निमकी-पाऊणकी नुसती घोकंपट्टी उरली. पाढे विसरले गेले ते मुले आळशी झाली म्हणून नव्हे, त्यांच्या मागचे माप उरले नाही म्हणून.

संख्यारेषेची गरज इथे सुरू होते. ती पुस्तकी आहे, बाजारात कुठे दिसते, असे तिच्याविरुद्ध म्हटले जाते. पण बाजारातली मापेही अपुरीच होती. चार सप्तमांश आणि पाच नवमांश यांची तुलना पै किंवा गुंजांत नेमकी बसत नाही, कारण १९२ ला किंवा ९६ ला सातानेही भाग जात नाही आणि नवानेही. त्यासाठी शून्य ते एक या अंतराचे ६३ भाग करावे लागतात. मग एक अपूर्णांक छत्तिसाव्या खुणेवर येतो, दुसरा पस्तिसाव्या. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त समच्छेदाचा जो नियम आहे, दोन्ही अपूर्णांकांचे अंश आणि छेद एकमेकांच्या छेदाने गुणण्याचा, तो हेच ६३ हाती देतो. त्याच ग्रंथात १६ पणांचा द्रम्म, ४ काकिणींचा पण आणि २० कवड्यांची काकिणी असे कोष्टक आहे, आणि अपूर्णांकाचा अपूर्णांक काढत द्रम्माच्या १२८० व्या भागापर्यंत, म्हणजे एका कवडीपर्यंत, पोहोचणारे उदाहरणही आहे. व्यवहारातले ठरलेले माप आणि हवे ते माप घडवण्याचा नियम, दोन्ही भास्कराचार्यांनी शेजारी ठेवले.

संख्यारेषा शिकवताना हेच शेजारीपण परत आणायला हवे. रेषेवर आयत्या खुणा देऊन ‘पाच अष्टमांश कुठे?’ एवढेच विचारले तर मूल खुणा मोजते आणि विसरते. आधी २४ भागांची पट्टी देऊन तिच्यावर अर्धे, तिसरे, चौथे, सहावे, आठवे भाग शोधू द्यावेत. मग पाचवा भाग मागावा, म्हणजे पट्टी कुठे अडते ते कळेल. आणि तिथून नवी पट्टी किती भागांची करायची हे मुलालाच ठरवू द्यावे. जुन्या काळी माप टांकसाळीने आणि बाजाराने ठरवून दिलेले होते. संख्यारेषेवर ते ठरवण्याचा अधिकार शिकणाऱ्याकडे येतो, आणि तो शाळेतल्या प्रत्येक मुलामुलीला मिळू शकतो. पावकी-निमकीच्या आठवणीने हळहळणाऱ्यांनी आग्रह धरायचा तर या अधिकाराचा धरावा.