घरी जुळविलेली नभोवाणी

डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन होय. अध्यक्षस्थानी पंडित जवाहरलाल नेहरू होते आणि नगराची सजावट नंदलाल बसू यांच्या कल्पनेतून उतरली होती. काही दिवस खानदेशच्या त्या शिवारात सारा हिंदुस्थान लोटला आणि नंतर आपापल्या वाटेने पांगला. मागे राहिलेल्या गावकऱ्याने मुंबईची वार्ता कशी ऐकावी, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. मुंबईत नभोवाणी केंद्र स्थापन होऊन तेव्हा नऊ वर्षे लोटली होती. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले होते. परंतु त्या केंद्राची शक्ती अवघी दीड किलोवॅट असून त्याचा आवाज भरवशाने ऐकू येण्याची मर्यादा सुमारे तीस मैलांची होती. यावलजवळचे भुसावळ स्थानकच मुंबईपासून लोहमार्गाने पावणेतीनशे मैल!

या तीस मैलांच्या वर्तुळात राहणाऱ्या गृहस्थास दुकानातून तयार संच विकत घेण्याचीही गरज नव्हती. पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर गुंडाळलेली आवरणयुक्त तांब्याची तार, शिशाच्या खनिजाचा चमकदार खडा, त्यावर टेकविण्यास एक बारीक तार आणि कानाला लावावयाचे श्रवणयंत्र एवढ्या सामग्रीवर स्फटिकसंच तयार होत असे. गच्चीवरून एक लांब तार ताणावयाची, दुसरे टोक पाण्याच्या नळास बांधून जमिनीशी जोडावयाचे, की झाले. या संचास वीज लागत नसे, विजेरीही लागत नसे. ध्वनिलहरी निर्माण करण्यापुरती शक्ती आकाशातून येणाऱ्या लहरींतच असे. खरी कसोटी त्या बारीक तारेची. खड्याचा प्रत्येक कण सारखा नसतो. तारेचे टोक इकडेतिकडे सरकवीत त्यावरील ग्रहणक्षम बिंदू हुडकावा लागे, आणि तो सापडतो न सापडतो तोच कोणी दार आपटले की हातचा जाई. घरातील चारचौघांना गाणे ऐकवावयाचे असल्यास श्रवणयंत्र रिकाम्या भांड्यात ठेवावे, म्हणजे आवाज थोडा मोठा होतो, ही युक्तीही त्या काळच्या हौशी मंडळींस ठाऊक होती.

दुसऱ्याच्या मालकीच्या दालनातून येणारी करमणूक स्वहस्ते जुळविलेल्या यंत्रातून आपल्या घरी उतरविण्याचा हा आनंद काही औरच असतो. व्हिडिओ गेमच्या दुकानांतील मोठ्या पेटाऱ्यांतून निघालेली पाटी घरी आणून ती दूरचित्रवाणी संचाला जोडू पाहणारा आजचा हौशी त्याच कुळातला. जपानी उत्पादकांच्या संघाने १९८५ साली अशा पाट्यांसाठी ५६ संपर्कबिंदूंची एकच जोडणी प्रमाण ठरविली. त्यामुळे वीज, चित्र, आवाज आणि खेळाडूच्या हातातील कळा एवढ्यांची सोय करणारा एक संच डाख देऊन जुळविला, की त्यावर अनेक खेळ चालतात. स्फटिकसंचवाल्यास असे प्रमाण कोणी नेमून दिले नव्हते. त्याचे सारे गणित त्याच्या बोटांत होते.

नभोवाणीसाठी वर्षाला दहा रुपये भरून परवाना घ्यावा, असा कायदा होता. पण घरी जुळविलेल्या संचाची नोंद कोणत्या दुकानाच्या वहीत होणार? परवान्यांची संख्या अखेरपर्यंत तुटपुंजीच राहिली आणि १९३० च्या मार्चमध्ये ती कंपनी मोडीत निघाली. पुढे सरकारनेच ते काम आपल्याकडे घेतले. यावलसारख्या ठिकाणी तर स्फटिकसंच केवळ शोभेची वस्तू ठरला असता. तेथे निर्वात नळ्यांचा संच हवा आणि जेथे वीज नाही तेथे त्यासाठी आम्लाच्या जड विजेऱ्याही हव्यात. त्या उतरल्या की पुन्हा भारून आणण्यासाठी वीज असलेल्या गावची वाट धरावयाची. १९३८ साली मुंबईस लघुलहरींचे क्षेपक यंत्र बसले तेव्हा अंतराची अडचण दूर झाली. पण पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, आणि आता खानदेशापर्यंत पोहोचणारा आवाज होता तो फक्त सरकारचा.

ऐकणाऱ्या हौशी मंडळींहून निराळा असा एक लहानसा वर्ग स्वतः संदेश क्षेपित करणाऱ्यांचा होता. सरकारी परवान्याने ही मंडळी घरच्या यंत्रावरून दूरदूरच्या समानधर्म्यांशी बोलत. युद्ध सुरू होताच त्यांच्या प्रयोगांवर बंदी आली आणि यंत्रे सरकारजमा करण्याचे हुकूम सुटले. अशा परवानाधारकांपैकी एक म्हणजे भायखळ्यास तंत्रशिक्षणाची संस्था चालविणारे नरिमन प्रिंटर. यंत्र काढून घेता येते. परंतु ते पुन्हा कसे उभे करावे ही विद्या जप्त करण्याचा उपाय सरकारपाशी नव्हता.

ऑगस्ट १९४२ मध्ये नेत्यांची धरपकड झाली आणि वृत्तपत्रांची तोंडे बंद करण्यात आली. तेव्हा बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी बाबुभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी व चंद्रकांत झवेरी यांनी गुप्त नभोवाणी केंद्र काढण्याचे ठरविले आणि क्षेपक यंत्राची जुळणी प्रिंटर यांच्याकडे आली. काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरविणाऱ्या शिकागो रेडिओ या पेढीचे नानिक मोटवाने यांचेही साहाय्य लाभले. ऑगस्टच्या अखेरीस चौपाटीवरील सी व्ह्यू इमारतीतून ‘काँग्रेस रेडिओ’ बोलू लागला. सुमारे ४२ मीटर लांबीच्या त्या लघुलहरी आकाशातील विद्युद्भारित थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर उतरत. सरकारी केंद्राच्या मानाने यंत्र अगदी क्षीण. पण यावलपर्यंतचे अंतर अशा लहरींस दुर्लंघ्य नव्हते. विदर्भातील चिमूर आणि आष्टी येथील दडपशाहीची जी हकीकत छापावयास बंदी होती, ती या केंद्रावरून सांगितली गेली. डॉ. राममनोहर लोहिया यांचा या कार्याशी निकटचा संबंध होता. माग लागू नये म्हणून केंद्राची जागा वारंवार बदलावी लागे आणि दर वेळी सारी जोडणी नव्याने करावी लागे.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी प्रिंटर पोलिसांच्या हाती सापडले आणि केंद्राचा ठावठिकाणा त्यांच्याकडूनच बाहेर पडला. त्यांच्या या कृतीस कोणी क्षमा केली नाही, हे स्वाभाविकच होय. पण ज्या हातांनी पत्ता दिला त्याच हातांनी ते केंद्र उभे केले होते, हेही विसरून चालणार नाही. महालक्ष्मीजवळच्या ‘पॅराडाइज’ बंगल्यात त्या रात्री उषा मेहता आणि चंद्रकांत झवेरी यांनी कार्यक्रम चालूच ठेवला. बंद दारे फोडून पोलिस आत शिरले तेव्हा ‘वंदे मातरम्’ची तबकडी वाजत होती. ती थांबवा, असे अधिकाऱ्याने फर्माविले. तबकडी थांबविण्यात आली नाही.

खटल्यात उषा मेहता यांना चार वर्षांची सक्तमजुरी झाली. मोटवाने निर्दोष सुटले. १९४६ मध्ये उषा मेहता तुरुंगाबाहेर आल्या. त्याच सुमारास हौशी क्षेपकांचे परवानेही पुन्हा दिले जाऊ लागले.