गिटारीची दांडी आणि पेटीचा धडा

मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर वसलेल्या ठाणें, डोंबिवली आणि कल्याण या गांवांचें गाण्याचें वेड आजकालचें नव्हे. कल्याणचा गायन समाज १९२६ सालीं स्थापन झाला. ठाण्यास राम मराठे यांच्यासारख्या गवयाचा शेजार लाभला, आणि त्यांच्या मागें त्यांच्या नांवानें तेथें संगीत महोत्सव भरूं लागला. अशा गांवांतील घरांत आतां पेटी-तंबोऱ्याच्या शेजारीं विजेची गिटार येऊन बसली आहे. तिच्या घोडीपाशीं धातूची एक वांकडी दांडी असते; इंग्रजींत तिला ट्रेमोलो आर्म म्हणतात. ही दांडी हातीं लागतांच घरांतील चिरंजीव ती गदगदां हालवितात, गिटार हंबरडा फोडते, आणि आजोबा दार लावून घेतात. आजोबांचा राग आम्हांस समजतो. पण चिरंजीवांच्या हातांत काय सांपडलें आहे, हें त्या दोघांपैकीं कोणासच नीट उमगलेलें नसतें, असें आम्हांस वाटतें.

सांपडली आहे ती मींड. गिटारीचे पडदे पक्के असतात. डाव्या हाताच्या बोटानें तार ओढून सतारीसारखा स्वर चढवितां येतो, परंतु मूळ स्वराच्या खालीं उतरवितां येत नाहीं. दांडी ही उणीव भरून काढते. ती दाबली म्हणजे घोडीच किंचित् झुकते, तारांचा ताण सैल होतो आणि स्वर खालीं ओघळतो. सोडली कीं स्प्रिंगा घोडीस पूर्वस्थळीं ओढून आणतात.

निदान आणाव्या, अशी अपेक्षा असते. या दांडीचा इतिहास हा बहुतांशीं तारांस पुन्हां घरीं आणण्याच्या खटाटोपाचा इतिहास आहे. अमेरिकेंत डॉक कॉफमन यांस १९३२ सालीं अशा एका युक्तीचें पेटंट मिळालें. मर्ल ट्रॅव्हिस या वादकाच्या गिटारीवर ती बसविलेली होती. पण तारा एकदां सैल झाल्या कीं पुन्हां सुरांत येईनात. ती गिटार दुरुस्तीसाठीं पॉल बिग्जबी यांच्याकडे गेली, आणि त्यांतून बिग्जबी यांची स्वतःची नवी रचना निघाली. १९५४ सालीं लिओ फेंडर यांची स्ट्रॅटोकॅस्टर आली. तिच्यांत स्प्रिंगा गिटारीच्या पाठींत दडविल्या होत्या. पुढें १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फ्लॉइड रोझ यांनीं तारांस दोन्ही टोकांशीं कुलूप घातलें. नांवाचा घोटाळा मात्र फेंडर यांच्यापासून जो चालत आला तो तसाच राहिला. युरोपीय संगीतांत ट्रेमोलो म्हणजे नादाच्या लहानमोठेपणाचा हेलकावा. स्वराच्या उंचीचा हेलकावा तो व्हायब्रॅटो. दांडी करते तें दुसरें काम, आणि नांव मिरविते पहिल्याचें.

आतां पेटीकडे वळूं. विलायतेहून आलेलें हें वाद्य मराठी रंगभूमीनें आणि मराठी घरांनीं आपलेंसें केलें, पण त्याच्यावरील आरोप कधीं मिटला नाहीं. एका स्वरावरून दुसऱ्यावर ओघळत जाणें पेटीस साधत नाहीं. ती पायरीपायरीनेंच उतरते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी नोकर अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनीं श्रुतींची पेटी करवून पाहिली. १९१६ सालीं बडोद्यास भरलेल्या संगीत परिषदेंत तिची चर्चाही झाली. पण जिन्याच्या पायऱ्या वाढविल्यानें त्याची घसरगुंडी होत नाहीं. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीस दारच बंद केलें. तें पुढें सुमारें ३० वर्षें उघडलें नाहीं.

आमच्या मतें हा बहिष्कार अन्यायाचा होता, कारण ज्या उणीवेबद्दल पेटीस शिक्षा झाली त्या उणीवेवर महाराष्ट्रांतील वादकांनीं केव्हांच उपाय शोधून काढला होता. गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) भास्करबुवा बखले यांच्या साथीस बसत. त्यांच्यामागून गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगांवकर, तुळशीदास बोरकर हे आले. गवयानें मींड घेतली असतां चांगला पेटीवाला तिच्यामागें धांवत नाहीं. मींड कोठून निघाली आणि कोठें पोंचणार हें तो आधींच जाणतो. मधल्या एखाद्या स्वरास निसटता स्पर्श करतो, भात्याचा दाब हलकेंच कमीअधिक करतो, आणि श्रोत्याच्या कानांत मींडेचा भास उत्पन्न होतो. जें वाद्यांत नाहीं तें वादकाच्या कानांत पुरेपूर भरलेलें असल्याखेरीज हें व्हावयाचें नाहीं.

गिटारवाल्याची अडचण नेमकी उलट आहे. मींड त्यास आयती मिळते. थांबावें कोठें, हें मात्र दांडी सांगत नाहीं. तिच्यावर ना पट्ट्या, ना पडदे. षड्जावरून किती दाबली असतां कोमल निषाद लागेल, तें केवळ कान आणि मनगट जाणे. म्हणून आमचें सांगणें असें कीं, पहिले एकदोन महिने शिकणाऱ्यानें तंबोरा लावून बसावें, एकच स्वर छेडावा, ठरवून तेवढाच उतरवावा आणि पुन्हां जागेवर आणावा. तें साधलें म्हणजे दांडी आधीं किंचित् दाबून मग तार छेडावी व दांडी सोडावी. स्वर खालून येऊन आपल्या जागीं अलगद बसतो, आणि ऐकणारास गळ्याची आठवण होते. अनेक तारा एकदम वाजत असतां तर हात फारच आवरावा, कारण जाड आणि बारीक तारा सारख्या प्रमाणांत उतरत नाहींत, आणि स्वरांचा मेळ आंतल्या आंत फाटतो.

राहतां राहिला कंप. बहुतेक मुलांची दांडी येथेंच बिघडते. आपल्या गाण्यांत वाटेल तो स्वर हालविण्याची मुभा नाहीं. दरबारींत गांधार आंदोलित होतो, भैरवांत रिषभ. षड्ज मात्र खांबासारखा उभा राहतो, आणि तो उभा असतो म्हणूनच शेजारचें आंदोलन जाणवतें. प्रत्येक स्वराच्या शेपटीस एकच थरथराट लावणाऱ्या वादकानें कितीही कसब मिळविलें तरी त्याच्या थरथराटास अर्थ येत नाहीं.

पश्चिमेकडील जाणत्या वादकांनींही असाच विवेक राखला आहे. शॅडोज या इंग्रज वाद्यवृंदाचे हँक मार्विन यांची १९६० सालची ‘अपाची’ ऐकावी. दांडी आहे, पण हुंकाराइतकीच. १९६९ च्या ऑगस्टांत वुडस्टॉक येथें जिमी हेंड्रिक्स यांनीं अमेरिकेच्या राष्ट्रगीतांत याच दांडीनें बाँबचा आक्रोश उठविला. व्हिएतनामचें युद्ध तेव्हां चालू होतें. गोंगाट खरा, परंतु सप्रयोजन. निष्प्रयोजन गोंगाट करणारे मागाहून पुष्कळ निघाले, आणि आमच्या चिरंजीवांनीं नेमका त्यांचाच कित्ता घेतला.

मराठी वाचकांस मुद्दाम सांगावी अशी हकीकत मात्र जेफ बेक (१९४४-२०२३) या इंग्रज वादकाची आहे. बेक यांनीं बोटांनींच तारा छेडण्याची संवय लावून घेतली होती, त्यामुळें अंगठा तारेवर असतां उरलेला पंजा दांडीवर राहूं शके. १९८९ सालीं त्यांनीं ‘व्हेअर वेअर यू’ ही चीज वाजविली. ती बल्गेरियन स्त्रियांच्या समूहगानावरून त्यांस सुचली होती. तारेस हलका स्पर्श करून काढलेला घंटेसारखा बारीक नाद दांडीनें वरखालीं नेऊन त्यांनीं त्यांत चाल गुंफली. पुढें १९९९ सालीं नितीन सॉनी यांचा ‘बियाँड स्किन’ हा संग्रह इंग्लंडांत निघाला. त्यांतील ‘नादिया’ हें गीत स्वाती नाटेकर यांनीं गाइलें आहे; आडनांव कोणत्या मुलखाचें, तें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तेंच गीत बेक यांनीं २००१ सालीं शब्दांवांचून गिटारीवर उतरविलें. बोटांत नळी आणि हाताशीं दांडी, एवढ्या सामुग्रीवर बाईंच्या गळ्यांतील वळणें ते एकामागून एक गिरवीत जातात. दांडी ते गिटारवाल्यांकडून कमी आणि गाणाऱ्या बायकांकडून अधिक शिकले, असें म्हटल्यास फारसें वावगें होणार नाहीं.

डोंबिवलींत एकाच इमारतींत खालीं पेटीचा वर्ग आणि वर गिटारीचा, असें असावयास हरकत नाहीं. पण दोन्हीं वर्गांतील मंडळी एकमेकांचा जिना चढत नाहींत. पेटीमास्तरांच्या कानांत मींड आहे आणि हातांत नाहीं. पोराच्या ती हातांत आहे, कानांत नाहीं. मास्तरांनीं त्यास एक दिवस खालीं बोलवावें, नाटेकरबाईंचें ध्वनिमुद्रण प्रथम ऐकवावें, बेक यांचें त्यानंतर, आणि मग तंबोरा लावून गीताची पहिली ओळ दांडीवर काढावयास सांगावें. त्या एका ओळीस आठवडा लागला तरी चालेल.